चोपन्न टक्केवाल्याने अर्ज करायचा की नाही?

दरवर्षी निकाल लागले की आमच्या वस्तीतल्या विहारात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर असेल त्याला ट्रॉफी आणि बाबासाहेबांचं एक पुस्तक. ही अट आम्हीच घातली आहे. खुर्च्या लावणारा, माइकची वायर जोडणारा पोरगा बी.एस्सी. फिजिक्सला चोपन्न टक्क्यांवर पास झालेला असतो. त्याचं नाव पुकारावं असं कुणाच्या मनातही येत नाही. मेरिटच्या नावाने व्यवस्थेला रोज शिव्या घालणारे आम्ही, विहारात मात्र तीच फूटपट्टी हातात घेऊन उभे असतो.

याच पोराने आम्हाला विचारलं होतं, "दादा, एम.एस्सी.साठी आयआयटीत अर्ज करू का?" आम्ही म्हणालो, "चोपन्न टक्क्यांत कुठली आयआयटी? बी.एड. कर, नाहीतर भरतीची तयारी कर." त्याने ऐकलं. फॉर्मची तारीख निघून गेली. कुठल्याही निवड समितीने त्याला नाकारलं नव्हतं. नाकारलं ते आम्ही, आणि तेही माहिती न घेता.

माहिती अशी आहे. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा असते आणि तिची गुणवत्ता यादी त्या एका परीक्षेच्या गुणांवरच लागते. पदवीचे टक्के त्यात मिळवत नाहीत. अनुसूचित जातींना पंधरा टक्के जागा आहेत, फॉर्मची फीही कमी आहे. पात्रता मात्र संस्थेगणिक आणि विषयागणिक माहितीपत्रकात बघून घ्यावी. पुढे सीएसआयआर नेटला एम.एस्सी.चे टक्के लागतात: खुल्या वर्गाला 55, आपल्याला 50. म्हणजे बी.एस्सी.ला घसरलेला गडी एम.एस्सी.ला सावरला तर जेआरएफचा रस्ता मोकळा असतो, आणि 2023 पासून ती फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे. ज्या घरात एवढा पगार कुणी पाहिला नाही, तिथे हा आकडा आईबापांसमोर बसून सांगावा लागतो. 'अजून किती शिकणार' हा प्रश्न बहुतेक वेळा पैशांचाच असतो.

आता चोपन्न टक्के म्हणजे नेमकं काय मोजलं ते पाहू. बारावीपर्यंत शास्त्र मराठीतून, पदवीला एकदम इंग्रजीतून. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम. प्रॅक्टिकलला एका उपकरणाभोवती आठ पोरं, त्यात हा मागे उभा. आणि तोंडी परीक्षा! आडनाव विचारल्यावर प्रश्नांचा सूर कसा बदलतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. 2007 साली एम्सबद्दलचा थोरात समितीचा अहवाल आला. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत आपल्याला अन्यायाने गुण दिले जातात, हे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांचं म्हणणं त्यात नोंदलेलं आहे. देशातल्या सर्वोच्च संस्थेतून अशी तक्रार येते, तर तालुक्याच्या कॉलेजात काय असेल?

टक्क्यांना काहीच अर्थ नाही असं आमचं म्हणणं नाही. अमेरिकेत फिजिक्सच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांवर 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीचे गुण आणि पीएच.डी. पूर्ण होणं यांचा संबंध त्यात दिसला, पण प्रवेश समित्या समजतात तेवढा हा अंदाज खरा ठरत नाही, असंही निघालं. जीआरईचा फिजिक्सचा पेपर तर त्यात कामाचाच ठरला नाही. तेव्हा थर्मोडायनॅमिक्स कच्चं असेल तर ते पक्कं करावंच लागेल, तिथे घोषणा उपयोगी पडत नाहीत. जॅमला चुकीच्या उत्तराचे गुण कापतात, आणि तो कापणारा संगणक जयभीम ऐकत नाही.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. सदतीस-अडतीस टक्के. आमच्या सत्काराच्या यादीत ते बसले नसते. 1913 ला ते कोलंबियाला गेले, 1923 ला लंडनची डी.एस्सी. झाली.

परदेशी जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला आधीच्या पदवीत किमान 60 टक्के लागतात. सगळ्या देशासाठी जागा 125, त्यातही ही चाळणी. समजा, एखाद्या विद्यापीठाने शिफारसपत्रं वाचून, प्रोजेक्ट बघून 57 टक्क्यांच्या मुलीला प्रवेश दिला. तरी आपलंच सामाजिक न्याय मंत्रालय तिला म्हणणार, तू पात्र नाहीस. ज्याने शिकवायचं त्याला ती चालते, मग पैसे देणाऱ्याला का चालू नये? उत्पन्नाची अट समजू शकतो. ती गरिबाला पुढे आणते. ही अट नेमक्या त्याच गरिबाला मागे ढकलते. ती काढा, अशी आमची सरळ मागणी आहे. निवेदनं फेलोशिपच्या रकमेवर खूप निघतात, या अटीवरही निघाली पाहिजेत.

तो पोरगा या वर्षी जॅमचा फॉर्म भरतोय. जातप्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. ऐन वेळी तहसीलच्या खेपा नकोत म्हणून आम्ही गेल्याच आठवड्यात त्याच्याबरोबर जाऊन अर्ज दिला. विहाराच्या कमिटीपुढेही विषय ठेवलाय की यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलामुलींना बोलवायचं, टक्के न विचारता. दोघांनी विरोध केला. रविवारी पुन्हा बैठक आहे.