पडद्यावरचा शाफ्ट

१९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी 'स्केचपॅड' मांडलं, तेव्हाच पडद्यावरच्या रेषांना अटी घालता येत होत्या: ही समांतर, ती काटकोनात. आपल्या कितीतरी मेकॅनिकलच्या वर्गांत मात्र कॅड म्हणजे अजून कमांडची घोकंपट्टी. मॉडेल झकास फिरतं. पण २५ मिमीच्या भोकाला एच७ टॉलरन्स दिलं तर ते २५.०२१ पर्यंत चालतं आणि त्यात सरकणारा जी६ शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मध्येच बसायला हवा, हे मुलांना कुणी सांगत नाही. मशीनवरचा कारागीर पहिल्यांदा तेच विचारतो. म्हणून या अंकाची बरीच पानं टॉलरन्सला दिली आहेत. विद्यार्थ्याने स्वतःचं ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये न्यावं, भाग करून मायक्रोमीटरने मोजावा. गुण त्यानंतर द्यावेत, असा आमचा आग्रह आहे.