नागपूर–जेद्दा: विमानाचे सहा तास, आपला दीड दिवस

नागपूर ते जेद्दा हवाई अंतर साधारण 4,100 किलोमीटर आहे. थेट विमानाला साडेपाच ते सहा तास पुरतात. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे इथून सकाळी दहाला निघालेला माणूस तिथल्या दुपारी एक-दीडला उतरेल. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 21 अंशांच्या आसपास. तरी नागपूरचा किबला नेमका पश्चिमेला नाही, सुमारे आठ अंश उत्तरेकडे कललेला आहे. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते, आणि विमानही ढोबळमानाने तीच वाट धरतं.

पण हे थेट विमान आपल्याला मिळतं फक्त हजच्या हंगामात. उमऱ्याला जायचं तर मुंबई, नाहीतर आखातातलं एखादं शहर. मी हिशेब करून पाहिला. मुंबईमार्गे गेलं तर हवाई अंतर जेमतेम 80 किलोमीटरने वाढतं, दोहामार्गे त्याहूनही कमी. म्हणजे वाट वाकडी होत नाही, वेळ जातो तो थांबण्यात.

आमच्या धंतोलीत दवाखानेच दवाखाने. उमऱ्याआधी तपासणीला येणारे म्हातारे आई-वडील इथे नेहमी दिसतात. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाला नुकताच स्टेंट. सहा तास बसणं त्यांना झेपतं. रात्रभर रेल्वेने मुंबई, तिथून टॅक्सी, मग विमानतळावर सामान सांभाळत अर्धा दिवस, हे झेपत नाही. आणि काँग्रेसनगरला मेट्रोत बसलं की आपला विमानतळ काही मिनिटांवर!

नागपूरहून हे उड्डाण शक्यच नाही, असं कुणी म्हणू नये. हजचे प्रवासी इथूनच थेट जातात. मात्र कोविडनंतर, 2022 साली, देशातली हज उड्डाणांची ठिकाणं 21 वरून 10 केली गेली तेव्हा नागपूर वगळलं गेलं आणि विदर्भातल्या हाजींना बाहेर जावं लागलं. पुढे सोय परत मिळाली. जी सोय अशी काढता येते, तिच्यामागे आकडे उभे करावे लागतात.

आणि आकड्यांतच आपण कमी पडतो. विमान कंपनी वर्षभर सीट भरतील का, एवढंच बघते. अकोला, अमरावती, यवतमाळ, कामठीचा माणूस मुंबईहून उडाला की तिकिटावर तो मुंबईचा प्रवासी ठरतो. विदर्भाची मागणी कागदावर दिसतच नाही. मग ‘प्रतिसाद नाही’ हे उत्तर तयार असतं.

ही मेहरबानीची मागणी नाही, आणि केवळ धार्मिकही नाही. सौदीत नोकरी करणारा प्रत्येक वैदर्भीय, कुठल्याही धर्माचा असो, हाच फेरा मारतो. तेव्हा निवेदनावर शंभर सह्या घेऊन फोटो काढण्याआधी एक साधा फॉर्म बनवू. जुम्म्याला मशिदीत आणि टूरवाल्यांकडे ठेवू: गाव, गेल्या दोन वर्षांत सौदीचा प्रवास कोणत्या महिन्यात, कुठून, घरापासून जेद्दापर्यंत एकूण किती तास. नाव, पासपोर्ट काही नको. पुढच्या रमजानपर्यंत तालुकावार तक्ता तयार झाला तर तो विमान कंपन्या, विमानतळ आणि विदर्भातल्या खासदारांपुढे ठेवता येईल. फॉर्म आणि तक्त्याचं काम माझ्याकडे. तालुक्यागणिक दोन माणसं हवीत.