कार्डाच्या मागची पांढरी पट्टी कोरी ठेवू नका

खिशातलं एटीएम कार्ड जरा उलटं करून बघा. काळ्या पट्टीखाली सहीसाठी एक पांढरी पट्टी असते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मी पाहिलेल्या बहुतेक कार्डांवर ती कोरीच आहे. काहींवर तर सहीच्या जागी चक्क पिन लिहिलेला असतो!

"आता सही कोण बघते जी?" असं लोक विचारतात, आणि ते अर्धं खरंही आहे. पूर्वी दुकानदार पावतीवरची सही कार्डाशी ताडून बघायचा. 1 डिसेंबर 2013 पासून दुकानात डेबिट कार्ड चालवायला पिन लागू झाला. एटीएम मशीनने तर सही कधीच बघितली नाही.

मग सही कशाला? कार्ड बदलून होणाऱ्या फसवणुकीसाठी. हा प्रकार देशभर चालतो. एटीएमसमोर गर्दी असते, म्हातारा माणूस मशीनशी अडखळतो, मागचा कोणी "काका, आणा इकडे, काढून देतो" म्हणतो. पैसे काढून देतो, पिन बघून ठेवतो आणि परत देताना त्याच बँकेचं दुसरं, बंद पडलेलं कार्ड हातात ठेवतो. काका खुश होऊन बसस्टँडवर जातात. खातं रिकामं झाल्याचं कळतं ते पुढच्या खेपेला.

इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्या. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन सुरू झाल्यापासून गावोगावी रुपे कार्डं वाटली गेली. त्यातल्या पुष्कळ कार्डांवर धारकाचं नावच नसतं. एकाच बँकेची दहा कार्डं टेबलावर ठेवली तर आपलं कोणतं हे सोळा आकडे वाचूनच कळेल. ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? मागे आपली सही असली तर कार्ड हातात येताच एका नजरेत कळतं, हे माझं की परकं. सही येत नसेल तर न पुसणाऱ्या पेनने आपली खूण करा. मोहाचं पान काढा, सूर्य काढा, काहीही. फक्त चिपवर नको. आणि पिन तर कुठेच लिहायचा नाही, कार्डाच्या पाकिटावरही नाही.

खरा प्रश्न नुकसान कोणाच्या माथी बसतं हा आहे. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाने स्वतः पिन दुसऱ्याला दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचंच, तक्रारीनंतरचं मात्र बँकेचं. म्हणून आधी कार्ड बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, 1930 वर फोन करा, रडणं-भांडणं नंतर. त्याच परिपत्रकात आणखी एक वाक्य आहे, जे काउंटरवर कोणी सांगत नाही: चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. "तुम्हीच पिन दिला असेल" एवढं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

पण हे नियम खिशात फोन, फोनला रेंज आणि मेसेज वाचता येतो असं धरून लिहिलेले आहेत. भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या किती गावांत तसं आहे? तेंदूची मजुरी, धानाचा बोनस, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळं आता खात्यात. मेसेज येतो पोराच्या नंबरवर, आणि पोरगा हैदराबादला कामाला.

आणि बँका? निरक्षर खातेदाराला कार्ड देताना शाखा व्यवस्थापकाने त्यातले सगळे धोके समजावून सांगावेत, असं जनधनच्या सरकारी प्रश्नोत्तरांत लिहिलेलं आहे. किती ठिकाणी सांगतात? आणि सांगितलं तरी गोंडी-माडियात कोण सांगणार? पाकीट हातात देतात, रजिस्टरवर अंगठा घेतात, पुढचा या. बँकेने स्वतःच्या नोंदीसाठी अंगठा घ्यायचा आणि बाईच्या कार्डावर तिची खूण करायला दोन मिनिटं द्यायची नाहीत, हे मला पटत नाही.

माझी मागणी साधी आहे. कार्ड देताना काउंटरवर पेन ठेवा. सही किंवा खूण तिथेच करून घ्या, पिन तिला स्वतःलाच टाकू द्या, कार्ड बंद करायचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या. ग्रामसभांनीही तेंदूचे पैसे जमा व्हायच्या आधी एका बैठकीत सगळ्यांची कार्डं उलटी करून बघावीत. गावात एक शिकलेली पोरगी आणि एक पेन पुरे.

तुमच्या शाखेत कार्ड देताना काय सांगतात? तालुक्याचं नाव घालून खाली लिहा. पिन आणि खाते नंबर मात्र लिहू नका बाप्पा!