चिकटलेली धांव

या सदरांत आम्हीं आजवर गळक्या घागरी, डुगडुगणारे पाट आणि शिवण उसवलेलीं पुस्तकें यांविषयीं लिहिलें. या खेपेचा विषय खेळण्याचा आहे. तथापि ज्या घरांत तीन भावांचीं मुलें एका पंक्तीस जेवतात, त्या घरांत बंद पडलेलें खेळणें हा केवढा गंभीर विषय होतो, हें वाचकांस सांगावयास नको.

हट्टा येथील आमच्या घरीं रिमोटवर धांवणारी एक मोटार आहे. (गांवाचें नांवच हट्टा, तेव्हां मुलांच्या हट्टास आम्ही फारसा दोष देत नाहीं.) अंगणांतील फरशी आणि रस्त्यावरचा मुरूम यांवर धांवून धांवून तिचे चारही टायर तुळतुळीत झाले, रिमा मात्र शाबूत होत्या. थोरल्या नातवानें वर्षभर सांठविलेल्या पैशांतून नुसते टायर टपालानें मागविले, आणि ते हातीं आल्यावर लक्षांत आलें कीं, जुने टायर रिमांस डिंकानें पक्के चिकटविलेले आहेत. या टायरांत हवा नसते, स्पंजाचें कडें असतें. हवेचा दाब नसल्यामुळें टायर रिमेस आपण होऊन धरून राहत नाहीं. मोटारीनें एकदम हिसका दिला, तर टायर जागींच राहून आंतल्या आंत रिम फिरेल. म्हणून हा डिंक.

‘आण इकडे’ असें म्हणून आम्हीं आपलें शहाणपण पुढें केलें. जुना टायर टाकावयाचाच आहे, मग तो कापण्यास हरकत कसली? सुरी चालविली. रबर कापलें, पण कडेपाशीं सुरी घसरली आणि रिमेच्या कांठाचा एक टवका उडाला. नातू कांहींच बोलला नाहीं. तो तुकडा उचलून त्यानें खिशांत ठेविला. उभा जन्म वर्गांतील मुलांस ‘घाई करूं नका’ म्हणून बजावण्यांत गेलेल्या मनुष्यास एवढी शिक्षा पुरे होती.

त्या रात्रीं आम्हांस बैलगाडीचें चाक आठवलें. वेदांत चाकाच्या धांवेस ‘पवि’ असा शब्द आहे. अर, नाभि, नेमि हे शब्द तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. चाक सुतार करी, धांव लोहार चढवी. धांव मापानें चाकापेक्षां किंचित् लहानच ठेवीत. गोंवऱ्यांच्या जाळांत ती लाल झाली म्हणजे पसरे. मग सांडशींनीं धरून ती चाकावर बसवावयाची आणि वर घागरीनें पाणी ओतावयाचें. चर्र् आवाज होऊन ती आकसे व सगळें चाक आवळून धरी. तेथें डिंक नाहीं, खिळ्याचाही मुख्य भार नाहीं. सगळें काम उष्णतेचें. असा सांधा बळानें ओढून भागत नाहीं. तो कशानें धरला आहे, हें आधीं विचारावें लागतें. आम्हीं तें विचारलेंच नव्हतें.

डिंकानें चिकटविलेल्या टायरानें थोरामोठ्यांसही छळलें आहे. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर केला. हे पहिले टायर रिमेस चिकटविलेलेच असत. पुढच्याच वर्षीं फ्रान्समध्यें क्लेरमाँ-फेराँ येथील मिशलॅं बंधूंच्या कारखान्यांत एक सायकलस्वार पंक्चर झालेलें असें चाक घेऊन आला. टायर सोडवून दुरुस्त करण्यांत तीन तासांहून अधिक वेळ गेला, डिंक वाळण्यास रात्र गेली, आणि सकाळीं थोडें अंतर जातांच तो पुन्हां बसला. त्या त्रासांतून १८९१ सालीं काढतां-घालतां येणारा टायर निघाला. खेळण्याच्या मोटारी मात्र अद्याप बहुधा डनलॉपच्याच काळांत आहेत.

आमच्या टायरांवरील डिंक म्हणजे सायनोॲक्रिलेट. घरोघर फेविक्विक म्हणून ओळखतात तोच वर्ग. १९४२ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असतां हा पदार्थ हातीं लागला; जेथें तेथें चिकटतो म्हणून त्यांनीं तो सोडून दिला. १९५१ मध्यें त्याचा गुण ध्यानांत आला व १९५८ पासून तो विकला जाऊं लागला. पृष्ठभागावरील किंचित् ओलाव्यानें तो घट्ट होतो, परंतु सुमारें ८० अंशांपुढें त्याचा जोर ओसरूं लागतो. म्हणजे उकळतें पाणी त्यास पुरे!

वसमत तालुका हळदीचा. हळद शिजविण्याच्या कढया आम्ही नित्य पाहतों, तरी ही गोष्ट सुचण्यास एक रिम खर्ची पडली. सूनबाईंनीं एवढीच अट घातली, “मामंजी, स्वयंपाकाचें भांडें मिळणार नाहीं.” अट रास्त होती. अडगळींतलें जुनें पातेलें काढलें आणि तें याच कामास कायमचें दिलें. चूल अंगणांत मांडिली, कारण तापलेल्या डिंकाची वाफ डोळ्यांस व नाकास झोंबते. तळाशीं जुनें फडकें घातलें, म्हणजे रिम तापल्या धातूस टेकत नाहीं. चाकें तरंगूं लागलीं, तेव्हां त्यांवर जाळीचें झांकण उपडें घालून वर दगड ठेविला. अर्ध्या तासानें एक चाक चिमट्यानें काढलें, जाड फडक्यांत धरलें आणि चमच्याच्या बोथट दांड्यानें कड उचलली. ती सुटली! जेथें अडली तेथें ओढाताण न करितां चाक पुन्हां दहा मिनिटें पाण्यांत सोडलें. तिन्ही चाकें अशींच सुटलीं. रिमेच्या बारीक छिद्रांतून स्पंजांत पाणी शिरतें. तो पिळून दोन दिवस सावलींत वाळविला.

ॲसिटोनमध्यें भिजवूनही हा डिंक सुटतो, आणि नायलॉनची रिम तें सोसते. परंतु कित्येक दुसरीं प्लॅस्टिकें त्यांत विरघळतात किंवा तडकतात. शिवाय त्याची वाफ क्षणांत पेट घेते. ज्या घरांत देवापाशीं समई तेवत असते तेथें तें नकोच. नवा डिंक लावतांनाही सुती कापड जवळ ठेवूं नये. सुतावर सांडतांच तो इतका तापतो कीं कातडी पोळते.

नवे टायर नातवानेंच बसविले. आम्ही फक्त चाक धरून होतों. “आजोबा, हलवूं नका,” असें तो दोनदां म्हणाला. चौथी रिम आमच्या निवृत्तिवेतनांतून मागविली आहे. ती येईपर्यंत मोटारीचा एक कोपरा विटेच्या तुकड्यावर टेकला आहे.