पीएच सात, म्हणजे सगळं ठीक?

शुक्रवारी संध्याकाळी स्टेटस रिपोर्टमध्ये प्रोजेक्टसमोर ‘ग्रीन’ लिहिलं आणि मनात म्हटलं, आपण चक्क थापा मारतोय. तारीख अजून चुकलेली नव्हती, हे खरं. पण प्लॅनमधला दोन आठवड्यांचा बफर केव्हाच संपला होता. आता टीममधला एक जण आजारी पडला तरी ग्रीनचा थेट रेड.

हा ‘बफर’ शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. पाण्याचा हार्डनेस काढायचा, ब्युरेटमध्ये ईडीटीए, आणि त्याआधी फ्लास्कमध्ये पीएच १० चा अमोनिया बफर, नाक दाबून. व्हायवात विचारलं की उत्तर पाठ: “सर, बफर पीएच कॉन्स्टंट ठेवतो.” किती वेळ ठेवतो, हे ना सरांनी विचारलं ना आम्ही. खरा प्रश्न तोच होता!

साधं टायट्रेशन घ्या. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड, ०.१ मोलर, २५ मिली. वरून तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा. २.५ मिलीपासून २२.५ मिलीपर्यंत, म्हणजे चांगला २० मिली सोडा ओतला तरी पीएच ३.८ वरून जेमतेम ५.७ वर जातो. आणि शेवटी २४.९ ते २५.१ मिली, म्हणजे फक्त चारेक थेंबांत, तो ७.१ वरून १०.३ वर उडी मारतो. आम्हाला शिकवलं ते या उडीकडे बघायला, कारण गुलाबी रंग तिथे येतो, रीडिंग तिथे मिळतं. पण गंमत आधीच्या सपाट भागात आहे. तिथे प्रत्येक थेंब ॲसिड खातोय, फक्त मीटरवर ते दिसत नाही.

आता दोन बीकर घ्या, प्रत्येकी १०० मिली. पहिल्यात ॲसिटिक ॲसिड आणि सोडियम ॲसिटेट दोन्ही ०.१ मोलर, दुसऱ्यात दोन्ही ०.०१ मोलर. दोघांचाही पीएच ४.७६. मीटरला फरक कळणार नाही. दोन्हींत १ मिलिमोल कॉस्टिक टाका. पहिला ४.८५ वर जातो. दुसऱ्यातलं ॲसिड संपतं आणि तो थेट साडेआठवर! पीएच सारखा, दम मात्र दहापट कमी-जास्त. या दमालाच बफर कपॅसिटी म्हणतात.

हे आठवायचं कारण आमची कासाडी नदी. पनवेलकरांना ती सांगायला नको, तळोजा एमआयडीसीतून वाहत येते आणि पुढे खाडीला मिळते. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातले निळे झालेले कुत्रे जगभर बातम्यांत झळकले होते, ते तर आठवतच असेल.

तर नदीच्या पाण्यातही बफर असतो, बायकार्बोनेटचा. कोणी ॲसिड सोडलं की बायकार्बोनेट ते गिळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि बराचसा हवेत निघून जातो. पीएच सातच्या आसपासच राहतो. नदीत सोडायच्या सांडपाण्याला आपल्याकडे पीएच ५.५ ते ९ ची मर्यादा आहे. आकडा त्यात बसला की आपण म्हणतो, ठीक आहे. पण नदीनं तो सांभाळताना गाठीचं किती खर्च केलं, हे पीएच सांगतच नाही. तेही एक टायट्रेशनच सांगतं: पाण्याचा नमुना, मिथिल ऑरेंज, ब्युरेटमध्ये पातळ ॲसिड. किती ॲसिड लागलं, ती त्या पाण्याची अल्कलिनिटी. कॉलेजातली पोरं अर्ध्या तासात करतील.

हॉस्पिटलात असा निष्काळजीपणा चालत नाही. रक्ताच्या गॅस रिपोर्टमध्ये पीएचच्या शेजारी बायकार्बोनेटही छापलेलं असतं. पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये बसला तरी बायकार्बोनेट घसरलेलं दिसलं की डॉक्टर सावध होतात, कारण शरीर तोल सांभाळताना दमतंय. पेशंटला जो न्याय, तो नदीला का नको?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जिथे पीएच जाहीर होतो तिथे शेजारी अल्कलिनिटीही जाहीर व्हावी. कारखान्यांच्या वरच्या अंगाला एक नमुना, खालच्या अंगाला एक, त्याच दिवशी, आणि भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी. खाली आकडा घसरलेला दिसला, तर मधे काय मिसळलं हा प्रश्न विचारता येतो. त्यानं सगळं कळेल असं नाही. रंग, जड धातू, ऑक्सिजन यांच्या चाचण्या वेगळ्याच. शिवाय कोणी अल्कली सोडली तर हाच आकडा उलट चढेल. पण नुसत्या पीएचवर समाधान मानण्यापेक्षा बरं.

बाकी सोमवारी मी रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवणार आहे: शिल्लक बफर. मॅनेजर काय म्हणतात ते पुढच्या वीकेंडला कळवतो!