पिलं वेगळी मोजा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या किटॅटिनी डोंगररांगेवर हॉक माउंटन नावाचा एक माथा आहे. दर पानगळीत उत्तरेकडून निघालेले ससाणे, बाज, गरुड ही रांग धरून दक्षिणेला जातात. वायव्येचा गार वारा डोंगरावर आदळून वर उसळतो आणि त्याच्या आधाराने पंख फारसे न हलवता कोसच्या कोस कापता येतात. पक्षी असे माथ्याला लगटून जातात, हे बंदूकवाल्यांच्या पथ्यावर पडायचं. त्यात १९२९ मध्ये राज्याच्या शिकार खात्याने गॉसहॉक या शिकारी पक्ष्याला मारणाऱ्यास ५ डॉलर बक्षीस लावलं. मग उडत्या पक्ष्याची जात कोण बघत बसतो? दिसेल तो पाडायचा. १९३२ मध्ये रिचर्ड पो या पक्षिनिरीक्षकाने मेलेले पक्षी जमिनीवर रांगेने मांडून फोटो काढले.

रोझली एज या न्यूयॉर्कच्या बाई. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या. त्यांनी १९३४ मध्ये तो सुमारे १,४०० एकरांचा डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि राखणीला मॉरिस ब्राउन यांना नेमलं. मॉरिस यांच्या पत्नी अर्मा वाटेवर उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत पाठवत. गोळीबार थांबला. या धाडसाचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण मॉरिस यांनी त्याच शरदात माथ्यावर बसून पक्षी मोजायला घेतले, त्याचं मोल मला तितकंच मोठं वाटतं.

ही मोजणी चिकाटीची असते. सप्टेंबरच्या मध्याला ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवेच्या थवे येतात. उन्हाने तापलेली हवा जिथे वर चढते तिथे सगळे एकत्र घिरट्या घालत उंच जातात. त्या भोवऱ्यात मोजायला गेलं की एकच पक्षी तीनदा मोजला जातो. म्हणून थांबायचं. वर पोचलेले पक्षी एकामागोमाग सुटून, पंख ताणून पुढे घसरू लागले की मोजायचे. जात ओळखायची, आणि जमेल तिथे वयही लिहायचं. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात; तोवर तो सगळा तपकिरी, करडा दिसतो. त्यामुळे प्रौढ किती आणि पोरं किती, हे लांबूनही कळतं.

वयाचा हा रकाना पुढे कामी आला. रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) हे पुस्तक लिहिताना मॉरिस यांच्याकडून आकडे मागवले. १९३५ ते ३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगलमध्ये ४० टक्के पिलं होती. १९५५ ते ५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली आणि १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिलू. म्हातारे गरुड अजून उडत होते, म्हणून आकाश भरलेलं वाटत होतं. घरट्यांत मात्र काही निपजत नव्हतं. डीडीटी या कीटकनाशकावर बोट ठेवताना कार्सन यांच्या हाती हा पुरावा होता. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली.

आपल्याकडेही असं घडलं आहे. मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात राजस्थानात भरतपूरला गिधाडांच्या घरट्यांची नोंद ठेवली होती. नव्वदीत घरटी रिकामी पडू लागली तेव्हा तुलनेला ती जुनी नोंद होती, म्हणून ऱ्हास केवढा आहे ते दाखवता आलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारण आहे हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. ती नोंद नसती, तर ‘पूर्वी फार असायची हो गिधाडं’ एवढंच आपण म्हणत बसलो असतो.

आता पावसाळा सरला की मध्य आशियातून भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी सोलापूर, नगर, पुण्याच्या माळांवर उतरतील. दिवसभर टोळ टिपतात आणि सूर्यास्ताला एखाद्या गवताळ पट्ट्यात रातथाऱ्याला जमतात. ते बसायच्या आत मोजावे लागतात, कारण गवतात उतरले की दिसेनासे होतात. आपले पक्षिमित्र तिथे जातात, सुंदर फोटो आणतात. माझी त्यांना विनंती आहे, एकच रातथारा धरा आणि दरवर्षी त्याच आठवड्यांत तिथे जा. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर राखाडी, मादी तपकिरी आणि पोटावर रेघा असलेली. पहिल्या हिवाळ्यातल्या पिलाचं पोट मात्र बिनरेघांचं, तांबूस. एवढा फरक संधिप्रकाशातही दुर्बिणीतून बहुधा टिपता येतो. वहीत त्या पिलांसाठी वेगळा रकाना आखा.