अब्बांची पँट

धाकट्याचा सोमवारी तारापूर एमआयडीसीत इंटरव्ह्यू. मरहूम अब्बांची राखाडी टेरिकॉट पँट कमरेत बसली, पण दोन बोटं आखूड. पालघरच्या टेलरने ईदच्या कामापायी हात जोडले. मग आम्हीच उसवायला बसलो. टाके सुईच्या टोकानेच काढावेत, ब्लेड कापडात घुसतं.

खालची दुमड 4 सेंटीमीटरची, तेवढं कापड तिच्यात दडलेलं. वाळूही निघाली, बहुधा सातपाटीची. बूट घालायला लावून माप घेतलं, 3 सेंटीमीटर सोडले, उरलेलं आत घेऊन तुरपाई केली. जुन्या घडीची रेघ मात्र हटेना. सिरक्याच्या पाण्याने ओलं करून, सुती रुमाल ठेवून इस्त्री फिरवली, निम्मी गेली.

धाकटा म्हणतो, दिसत नाही. आम्हाला दिसते.